बर्फाची वाट पाहण्याची नोकरी : औलीतले तीन महिने

गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली : औलीला, म्हणजे उत्तराखंडातल्या स्कीइंगच्या ठिकाणी, सीझनभर काम मिळते का, आणि मिळाले तर आपल्याकडच्या माणसाला ते झेपते का? चौघांना अर्धा-अर्धा तास तेच सांगून झाल्यावर वाटले, एकदाचे लिहूनच टाकावे. म्हणून हे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. मी नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघायचो. वय तीस. खेळाडू नाही, गिर्यारोहक तर अजिबात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुट्टी काढून औलीला सात दिवसांचा स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला. सातव्या दिवशी मला जेमतेम थांबता येत होते. दोन्ही स्कींची (बुटांना अडकवायच्या लांब पट्ट्यांची) टोके आत वळवून, मागचा भाग फाकवून, खुरडत खाली यायचे, एवढेच. पण परतीच्या जीपमध्ये शिकवणारे भैजी (गढवालीत थोरल्या भावाला असे म्हणतात) बोलता बोलता म्हणाले की सीझनला इथे स्की करणारे पोट्टे ढिगाने मिळतात, सामानाच्या खोलीत बसून हिशेब ठेवणारा मिळत नाही. तेवढे वाक्य मी सात महिने डोक्यात घेऊन फिरलो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन सुरू केले. एकूण अकरा ठिकाणी. सात जणांनी 'दिवाळीनंतर बघू' म्हटले, दोघांनी फोन उचलला नाही, एकाने आधी पाच हजार 'नोंदणी' म्हणून मागितले (असे कोणी मागितले की फोन ठेवून द्यायचा), आणि एका छोट्या, बारा खोल्यांच्या लॉजने होकार दिला. त्यांचे नाव लिहीत नाही. माणसे वाईट नव्हती, पण पुढे पगाराची गोष्ट येणार आहे. महिना १४,००० रुपये, राहणे-जेवण त्यांचे, आठवड्याला अर्धी सुट्टी. काम म्हणजे स्कीची खोली सांभाळणे आणि गरज पडेल तेव्हा काउंटर. मी व्हॉट्सअॅपवर लिहून मागितले. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून फोटो पाठवला. बर्फ नसेल तेव्हा पगाराचे काय, हे मी विचारले नाही. तुम्ही विचारा.

आता कागद. हा भाग रटाळ आहे, पण माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या : पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, डॉक्टरचे फिटनेस सर्टिफिकेट आणि आधारची प्रत. बाहेरून आलेल्या कामगाराचे तिथल्या ठाण्यात सत्यापन करावे लागते, त्यासाठी आपल्याकडचा कागद हाताशी असला की काम सोपे होते. चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. मी २१ ऑक्टोबरला भरला आणि चूक माझीच, आधारवर वडिलांचे नाव पूर्ण आहे, शाळेच्या दाखल्यावर फक्त आद्याक्षर. मी दोन्ही जोडले. अर्ज परत आला. दिवाळी मध्ये आली. दुसऱ्यांदा भरला ५ नोव्हेंबरला, ठाण्यात बोलावणे आले १४ ला, प्रमाणपत्र हातात पडले २७ ला. म्हणजे महिना, सव्वा महिना हाताशी ठेवा, आणि नाव सगळीकडे एकसारखे असलेलीच कागदपत्रे जोडा.

फिटनेससाठी सरकारी दवाखान्यात दोन सकाळी गेल्या. डॉक्टर बाईंनी रक्तदाब घेतला, छातीचा एक्स-रे काढायला लावला, आणि सही करताना विचारले, "कुठे चालला?" मी सांगितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आपल्याकडं मे महिन्यात कमी मरतो का आपण, की तिकडं थंडीनं मरायला जाऊन राह्यला?" पण सही केली. विमा असेल तर त्यातल्या अटी नीट वाचा. साहसी खेळ वगळले असल्याची ओळ बहुतेक पॉलिसींत कुठेतरी खाली असतेच. माझ्याही होती.

कपड्यांत मी पैसे वाया घालवले. तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातून दोन जाड स्वेटर घेतले, दोन्ही तिथे निरुपयोगी. जाड स्वेटरमध्ये काम करताना घाम येतो, थांबलात की तोच घाम गार पडतो. अंगाला चिकटणारे थर्मलचे तीन जोड, मध्ये एक फ्लीस आणि वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट, हे पुरते. पैसे घालायचेच असतील तर हातमोज्यांत आणि बुटांत घाला. आणि गॉगल. बर्फावरून उलटे येणारे ऊन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या आत भाजते. वर्धा रोडवर उन्हात वाढलेल्या माणसाला ऊन शिकवायला कोणी नको, असे मला वाटायचे. पहिल्या आठवड्यात साल निघाली. सगळा खर्च ११,५०० झाला.

११ डिसेंबर २०२४ ला नागपूरहून दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने ऋषिकेश. आईने डब्यात संत्रा बर्फी आणि तिखट शेव दिली होती. ऋषिकेशहून ज्योतिर्मठची बस भल्या पहाटे पकडायची. डोंगरातल्या रस्त्यावर रात्री वाहने सोडत नाहीत, उशीर झाला की वाटेत मुक्काम. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, मला अकरा तास लागले. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. शाळेत पाठ केलेली नावे खिडकीतून एकेक जातात. एक गंमत सांगतो. आमच्या घरासमोरचा वर्धा रोड म्हणजे माझ्या लहानपणचा 'सात नंबर'. नंतर क्रमांक बदलले, तो ४४ झाला. आणि हा बद्रीनाथकडे माणापर्यंत जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७. मैलाच्या दगडावर ७ दिसला तेव्हा उगीचच बरे वाटले.

ज्योतिर्मठ म्हणजे जोशीमठच. २०२४ मध्ये नाव बदलले, पण बसवाला, दुकानदार, सगळे जोशीमठच म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये इथली जमीन खचली, घरांना तडे गेले. काही भिंतींवर लाल फुलीच्या खुणा मला अजून दिसल्या, आणि त्याच्या शेजारच्या घरात वाळत घातलेले कपडे. तेव्हापासून औलीला वर जाणारा रोपवेही बंद आहे. जवळपास चार किलोमीटरचा तो रोपवे चालू असता तर वीस-पंचवीस मिनिटांत वर. आता रस्त्यानेच जायचे, सुमारे चौदा किलोमीटर, आणि बर्फ पडला की टायरला साखळी बांधलेली गाडी मिळेपर्यंत थांबायचे. १३ तारखेला संध्याकाळी मी पोचलो तेव्हा समोर नंदादेवी गुलाबी झाली होती. सात हजार आठशे सोळा मीटर. मी फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि चाळीस टक्के बॅटरी असलेला फोन थंडीने बंद पडला. फोन आतल्या खिशात ठेवायचा, अंगाच्या उबेत. हे पहिल्याच संध्याकाळी शिकलो.

स्कीची खोली तळघरात होती. पंच्याऐंशी जोड स्की, त्याहून थोडे जास्त बूट, ओल्या मोज्यांचा वास. मला दोन दिवस शिकवले आणि मग माझ्यावर सोडून दिले.

बुटाचा नंबर हा आपला सात-आठ-नऊ नसतो, पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये असते. २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचे पाऊल. भिंतीला टाच लावून उभे करायचे, पट्टीने मोजायचे, इतवारीतले जुने चांभार कागदावर पाऊल आखायचे तसे. बूट घालून सरळ उभे राहिले की बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की बोटे मागे सरकून टाच घट्ट बसली पाहिजे. गिऱ्हाईक म्हणते, "भाऊ, घट्ट होतोय, एक नंबर मोठा द्या." द्यायचा नाही. मोठा दिला की अर्ध्या तासात ते रडत परत येते. आणि मोजा एकच, पातळ. थंडी वाजते म्हणून दोन जाड मोजे घालून आलेले लोक मी रोज पाहिले. रक्त खेळत नाही, पाय आणखी गार पडतो.

खरे जोखमीचे काम बाइंडिंगचे. बूट स्कीला ज्या सांगाड्यात अडकतो, त्यावर एक छोटा आकडा असतो. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटावा, ते त्या आकड्यावर. माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो किती जोरात स्की करतो, यावरून तक्ता पाहून आकडा लावायचा. आकडा जास्त लागला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. कमी लागला तर नको तिथे सुटते. आता यात सगळे अवलंबून माणसाच्या खरे बोलण्यावर. आणि माणसे वजन खरे सांगत नाहीत, हे मला हिशेबाच्या नोकरीत कधी कळले नव्हते. बाया कमी सांगतात, पुरुष स्वतःला 'एक्सपर्ट' सांगतात. एका गृहस्थांनी दोन दिवसांचा अनुभव असताना जोरात करणाऱ्यांच्या रकान्यावर खूण केली. मी विचारले, थांबता येते का? तर म्हणाले, "थांबायचं कशाला?" मी त्यांना शिकाऊचा आकडा लावून दिला आणि काही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात मी कोपऱ्यातला वजनकाटा बाहेर काढून दारातच ठेवला. बोलणे मिटले.

रात्री बूट वाळवायचे, स्कीच्या तळाला मेण लावायचे. स्की उलटी ठेवून जुन्या इस्त्रीवर मेण वितळवायचे आणि इस्त्री हलती ठेवायची, धूर निघाला म्हणजे इस्त्री फार तापली. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचे. हे काम मला आवडायला लागले. दहा-अकरा वाजेपर्यंत मी एकटाच खाली असायचो.

स्वयंपाकघर एका पन्नाशीच्या भैजींकडे होते. मला ते 'भुला' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्याच रात्री त्यांनी गहतची डाळ वाढली आणि मी ओळखली : कुळीथच की! एवढ्या उंचीवर पाणी नव्वदच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. मंडव्याची भाकरी म्हणजे आपली नाचणीची, जरा जाड. मला तर्री-पोह्यांची आठवण यायची ती मात्र कशानेच गेली नाही.

या भैजींमुळे मी आज हे लिहितो आहे, हे शब्दशः खरे. १९ डिसेंबरच्या रात्री वीज गेली, हीटर बंद. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलाने अंगीठीत कोळसे भरून खोलीत आणली, दार लावले, फटीत गोधडी कोंबली. मस्त ऊब आली. मला झोप लागली. जाग आली ती भैजींच्या शिव्यांनी. ते पाणी मागायला आले होते आणि कोळशाचा वास घेऊन त्यांनी दार जोराने ढकलले होते. माझे डोके ठणकत होते, उठताना पाय वळेनात. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बर्फात अर्धा तास बसवून ठेवले. त्यांच्या गावातले दोघे असेच झोपेत गेले होते. बंद खोलीत अंगीठी घेऊन झोपू नका. कितीही थंडी असली तरी. गरम पाण्याची रबरी पिशवी घरून न्या, अडीचशे रुपयांची.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडला आणि सगळी दुनिया औलीला आली. त्यातले निम्मे स्की करायला नव्हे, भाड्याचे गमबूट आणि ओव्हरकोट घालून फोटो काढायला. वर्ध्याचे एक कुटुंब आले होते. काकूंनी माझे बोलणे ऐकले आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई, हा तर आपल्याकडचा होय!" जाताना त्यांनी मला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली. त्या आठवड्यात मी रोज सोळा तास काम केले, नळ रात्री थेंब-थेंब चालू ठेवायचे विसरलो आणि एका सकाळी पाइप गोठून बारा खोल्यांना पाणी नव्हते. मालक मला बोलले, बरोबरच बोलले. बर्फ वितळवून बादल्या भरल्या. पायाच्या दोन बोटांना लाल खाजरी सूज आली. ती गरम पाण्यात बुडवायची नसतात, हळूहळू कोमट करायची, हेही उशिरा कळले.

आणि मग जानेवारी.

जानेवारीत बर्फ पडलाच नाही. सांगण्यासारखे काही घडले नाही आणि तेच सांगायचे आहे. सकाळी उठून आकाश बघायचे. निळे. खालचा उतार गवताचा, वरच्या उतारावर मळकट पट्टा. बुकिंग रद्द होण्याचे फोन मी घ्यायचो. 'बर्फ कधी पडेल?' याला आम्ही ठरवून एकच उत्तर द्यायचो, 'चार-पाच दिवसांत.' मला ते खोटे बोलणे वाटायचे, मालकांना व्यवहार. इथला बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून चालत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. तेच झंझावात कधी खालपर्यंत जोर दाखवतात तेव्हा विदर्भात गारा पडतात. काटोलला माझ्या मामाची संत्र्याची बाग आहे. मामा संत्री फुलायच्या, आंबिया बहाराच्या वेळी ढग बघून हात जोडतो की बाबा, येऊ नको. इथे मालक हात जोडत होते की ये. मी मामाला फोनवर सांगितले तर म्हणाला, "मंग मधातल्या मधात मिटव ना तूच."

१२ जानेवारीला मालकांनी आम्हा चौघांना बसवून सांगितले : या महिन्याचे १०,००० घ्या नाहीतर घरी जा, फेब्रुवारीत बोलावतो. दोघे गेले. मी राहिलो, हिमतीने वगैरे नाही; जाण्या-येण्याचे भाडे चार हजारांच्या वर गेले असते, मी हिशेब केला. संक्रांतीचा आईचा तिळगूळ २५ तारखेला पोचला, पाकिटात चुरा झालेला. भैजींनी तो चहासोबत चमच्याने खाल्ला. रिकाम्या दुपारी मी वरच्या पट्ट्यावर स्की शिकत राहिलो. आडव्या पावलांनी उतार चढायचे, एकदा घसरायचे, पुन्हा चढायचे. महिनाअखेर मला डावीकडे नीट वळता येऊ लागले. उजवीकडे आजही नाही. पुस्तके न्या, चार तरी. भैजी गढवालीत बर्फाला 'ह्यूं' म्हणतात आणि हिवाळ्याला 'ह्यूंद'. त्या महिन्यात ते म्हणायचे, यंदा ह्यूंद आहे, ह्यूं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ह्यूं आले, आणि आले ते थांबेचना. २७ तारखेला रस्ता बंद झाला. २८ ला शुक्रवारी सकाळी मी फावड्याने दार मोकळे करत होतो, तेव्हा भैजी रेडिओ घेऊन बाहेर आले. पन्नासेक किलोमीटरवर, माणाजवळ, सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झाले होते. चोपन्न जण अडकले. कंटेनरमध्ये झोपलेली माणसे, रस्ता साफ ठेवायच्या कामावर आलेली, सीझनचीच म्हणा. दुसऱ्या दिवशी हवामान उघडले तशी हेलिकॉप्टरे दिसू लागली, ज्योतिर्मठच्या सैनिकी रुग्णालयात जखमींना आणत होती. दिवसभर तो आवाज. आमच्याकडे अडकलेले चार पर्यटक ताज्या बर्फात स्की करायला कधी मिळेल ते विचारत होते, आणि मी त्यांच्या बुटांची मापे घेत होतो. शेहेचाळीस जण जिवंत निघाले. आठ गेले.

आईचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा ती फक्त एवढेच म्हणाली, "टीव्हीवर चमोली चमोली दाखवून राह्यले. तू त्या चमोलीत नाहीस ना?" मी त्याच जिल्ह्यात होतो. "नाही, मी औलीत आहे," असे सांगितले. जाण्यापूर्वी घरच्यांना जिल्ह्याचे नाव, लॉजचा लँडलाइन आणि खालच्या एखाद्या दुकानाचा नंबर लिहून द्या. मी दिला नव्हता.

९ मार्चला फेब्रुवारीचे १४,००० मिळाले, १० ला मी निघालो. मार्चच्या दहा दिवसांचे साडेचार हजार 'पाठवतो' म्हणाले. कामाचे प्रमाणपत्र मात्र मी सही-शिक्क्यासह हातात घेऊनच उतरलो. पुढच्या वर्षी कोणी विचारले तर तेच उपयोगी पडते. सगळा जमाखर्च असा : पगाराचे ३६,६००, टिप सुमारे ५,०००. त्यातून कपडे ११,५००, दोन्ही वेळचा प्रवास ६,८००, कागदपत्रे-एक्स-रे ११००, आणि वरखर्च चारेक हजार. म्हणजे अठरा हजारांच्या आसपास हाती राहिले. पैशासाठी कोणी जाणार असेल तर वाडीतली नोकरी बरी.

भैजींनी निघताना गहतची दोन किलोची पिशवी दिली. मी म्हटले, आमच्याकडे मिळते. म्हणाले, मिळत असेल, ही इथली आहे. होळीच्या आदल्या दिवशी नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा थर्मल अंगातच होते, फलाटावर काढावे लागले.

साडेचार हजार २२ एप्रिलला आले, तीन फोन आणि एका मेसेजनंतर. त्या दिवशी कुलरच्या ताट्या बदलायला माणूस आला होता आणि मोटरही गेलेली निघाली. त्यातच गेले.